जुन्या पिकअपचे हेडलाइट मंद : बल्ब नव्हे, वायरिंग

लक्षण: लो-बीम पिवळट, इंजिनची गती वाढवली तरी उजेड जेमतेम. नवे एच४ बल्ब (६०/५५ वॅट) लावले, काचा पॉलिश केल्या, बॅटरीचे टर्मिनल घासले. फरक शून्य. वैताग आला होता.

मग इंजिन चालू, दिवे लावलेले असताना मल्टिमीटर धरला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर मात्र १०.९. तीन व्होल्ट जुन्या स्विचात आणि बारीक वायरीत जिरत होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो, त्यामुळे इथे महागडा बल्ब म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

उपाय, याच क्रमाने: आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. लो आणि हाय बीमसाठी एकेक रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा, म्हणजे बल्बचा करंट जुन्या स्विचातून जाणार नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून, अगदी जवळच, प्रत्येकी २० अँपिअरचा फ्यूज घालून २.५ चौरस मिमी वायर रिलेच्या पिन ३० ला. पिन ८७ वरून तशीच वायर दोन्ही बल्बना. जुन्या सॉकेटमधली लो-हायची वायर आपापल्या रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला (गाडीच्या पत्र्याला). बल्बची अर्थ वायरही नवी, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट. (काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूने असतो, तिथे ही जोडणी चालत नाही, आधी तपासा.) शेवटी निगेटिव्ह जोडा.

आता सॉकेटवर १३.५. उजेड वाढला, म्हणून भिंतीवर बीम पुन्हा खाली जुळवून घेतला.