दोन जिवांची बाई आणि कॅशची खिडकी

तुला चौथा महिना लागलाय आणि आपल्या बेळगावच्या क्रेडिट सोसायटीतला निम्मा स्टाफ खोकतोय. परवा डबा खाताना तू विचारलंस, "अक्का, २०२१ ला करोनात तुम्ही सातव्यात असताना कॅशवर कशा बसलात?" तेवढ्यात काउंटर उघडायची वेळ झाली नि उत्तर अर्धंच राहिलं. ते आता पुरं लिहून देते. पुढचं तुला जमेल तसं कर, पण जागेचं आणि डॉक्टरांचं काम याच आठवड्यात उरक.

आधी जागेचं. रजा मागू नकोस, जागा बदलून माग. मी नेमकं उलटं केलं होतं. तेव्हा मी दुसऱ्या एका पतसंस्थेत होते. रजा मागितली तर "मार्चएंडची कामं उरकली नाहीत अजून" असं उत्तर मिळालं, आणि मीही हट्टाला पेटून तीन आठवडे खिडकीवरच बसून राहिले. मग कुणीतरी सुचवलं म्हणून चार ओळींचं पत्र दिलं: कॅशऐवजी आतल्या खोलीत व्हाउचर आणि लेजरचं काम द्यावं, पगार आणि वेळ तीच. दुसऱ्या दिवशी टेबल आत गेलं. मालकाला माणूस कमी पडायला नको असतं आणि तुला गर्दी नको असते, ही दोन्ही भांडणं वेगळी आहेत.

खिडकीचं एवढं का म्हणते ते सांगते. काचेला खाली ते अर्धगोल भोक असतं ना, माणूस बोलायला लागला की तोंड नेमकं तिथेच आणतो. ऐकू कमी येणारे आजोबा तर मास्क हनुवटीवर ओढून भोकातून विचारायचे, "व्याज किती झालं बाई?" मी इकडे नोटांना घाबरून दर तासाला हात धुवायचे, आणि श्वास मात्र सरळ माझ्या तोंडावर यायचा. तेव्हा जागा मिळेपर्यंत खुर्ची काचेपासून हातभर मागे घे, भोकासमोर तोंड येणार नाही अशी जरा तिरकी बस, मागची खिडकी उघडी ठेव. मास्क एन-९५ लाव. मास्कने गुदमरल्यासारखं झालं तर बाहेर व्हरांड्यात जाऊन पाच मिनिटं तो उतरव, काउंटरवर बसून उतरवू नकोस. नोटा मोजायला ओल्या स्पंजची वाटी ठेव. जिभेला बोट लावायची सवय आपल्यात सगळ्यांनाच आहे, तुलाही आहे, मी बघितलंय. हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझर फक्त पाणी नसेल तेव्हा.

दुसरं काम डॉक्टरांकडचं, आणि हे ताप यायच्या आधी करायचं. आईला फोन करून विचार, लहानपणी तुला कांजिण्या आल्या होत्या का. आठवत नसेल तर रक्ताची तपासणी करून घे. कांजिण्यांचा माणूस पुरळ दिसायच्या दोन दिवस आधीपासून खपल्या धरेपर्यंत दुसऱ्याला देतो, त्यामुळे पिग्मी एजंटाच्या (रोजची बचत गोळा करणाऱ्याच्या) मुलाला आज पुरळ आलं असेल तर परवा तो एजंट मुलाला घेऊन तुझ्या टेबलाशी आला होता का, याचा हिशेब लागतो. तुला आधी आलेल्या नसतील आणि अशा माणसाबरोबर एका खोलीत पाव तास बसणं झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. तयार प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीचं) इंजेक्शन असतं, ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत घ्यावं लागतं. बाळंतपणाच्या आगेमागे कांजिण्या आल्या तर बाळालाही त्रास होतो, म्हणून शेवटच्या महिन्यात तर जास्तच जप. कांजिण्यांची, गोवर-रुबेलाची लस मात्र पोटात बाळ असताना देत नाहीत, ती बाळंतपणानंतर. फ्लूची इंजेक्शनची लस कुठल्याही महिन्यात चालते. लसीची ताकद अंगात यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून साथ दाराशी यायची वाट बघू नकोस.

ताप आला तर काय, हेही आत्ताच विचारून कागदावर लिहून घे. १००.४ च्या वर गेला की डॉक्टरांना फोन. फ्लू असेल तर गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झालेली बरी, म्हणून "उद्या बघू" असं करायचं नाही. तापाला पॅरासिटामॉल. अंग दुखतंय म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नकोस. ॲस्पिरिन तुझ्या डॉक्टरांनीच रक्तदाबासाठी लिहून दिली असेल तर ती मात्र मनाने बंद करू नकोस, दोन्ही गोष्टी वेगळ्या. आणि सासूबाईंचा काढा. त्यांचं मन मोडू नकोस, पण ज्येष्ठमध घातलेला दिवसातून तीनदा नको. आलं-तुळशीचा कपभर चहा चालेल. घरात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असू दे. या दिवसांत ९५ च्या खाली आकडा म्हणजे थांबायचं नाही. दम लागणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं: यातलं काहीही झालं तर कामाचं टेबल तसंच सोडायचं. १०८ ला फोन करायला साहेबाची परवानगी लागत नाही.

सगळ्या साथी खोकल्यातून येत नाहीत. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की काविळीच्या गोष्टी सुरू होतात. हेपॅटायटिस ई ची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावरची ठरू शकते. म्हणून ऑफिसच्या मडक्याचं पाणी नको, घरून उकळलेलं आण, आणि गणपत गल्लीतून येताना भेळ-पाणीपुरीला नाही म्हण. (हे लिहिताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलंय.) डेंग्यू एकमेकांना लागत नाही, तो डासाचा. पण आपल्या जिन्यातल्या त्या मनीप्लँटच्या बाटलीत डासाची पिल्लं वळवळतात, ती आधी ओत.

बसचं. कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, बायकांना तिकीट नाही आणि सकाळी साडेनऊच्या वडगाव बसला पाय ठेवायला जागा नाही. पैसे वाचतात हे खरं, पण साथीत त्या गाडीत सातव्या-आठव्या महिन्याचं पोट घेऊन लोंबकळायचं नाही. अर्धा तास आधी निघ, किंवा पत्रात वेळेचीही एक ओळ घाल.

आता कागद. ताई कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, पर्समध्येच असू दे, त्यावर रक्तगट आणि हिमोग्लोबिन भरलेलं आहे ना बघ. (कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. माझी सासू शेवटपर्यंत विचारायची, "ताईचं कार्ड आहे तर तुझं कुठाय?") दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर जा. रजेचं गणित असं: बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातले ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, तुझं झालंय. त्या रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. गरोदरपणातून आजार झाला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना मिळतो. पण नुसती साथ आहे म्हणून वेगळी रजा हा कायदा देत नाही. म्हणून किरकोळ रजा लग्नाबारशात उडवू नकोस, पाच-सहा शिलकीत ठेव.

दवाखान्यात आत्ताच विचार: बाळंतपणाच्या वेळी मलाच लागण झालेली असली तर घेता का, आणि जवळ कोण थांबू शकतं? "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधून ठेव. आणि माहेर. पहिलटकरीण म्हणून महाराष्ट्रात कागलला माहेरी जायचं माझं ठरलेलं होतं. २०२१ ला सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट मागत होते. जाणं सोपं होतं, परत यायचं कसं ते कळेना. शेवटी आईच इकडे आली, तीही रिपोर्ट घेऊन, आणि बाळंतपण बेळगावातच झालं. तुझी आई चंदगडहून येणार असेल तर तिला आठव्यातच बोलाव. डोहाळजेवण घरच्या दहा माणसांत कर; खोकणाऱ्या मावशीला ओटी नंतर भरायला सांग, रागावली तर माझं नाव सांग.

पत्राचा मसुदा मी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत करून ठेवलाय. सोसायटीत मराठी चालतं, पण उद्या लेबर ऑफिसची पायरी चढायची वेळ आली तर कन्नड प्रत हाताशी हवी. तारीख आणि महिना तेवढा भर, डॉक्टरांची चिठ्ठी जोड, आणि सोमवारी आवकवर शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलावर सोडू नकोस.