प्रवासी जहाज मालवाहू करताना या चुका टाळा

युद्ध सुरू झालं की सरकार प्रवासी जहाजं ताब्यात घेतं आणि गोदीत घाई सुरू होते. गॅसकटर पहिल्याच दिवशी पेटतो, वजनाचा हिशोब मात्र मागे पडतो. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

केबिन काढल्या की होल्ड (माल ठेवायचं कोठार) तयार, असं धरणं. तो डेक माणसं आणि फर्निचर पेलायला बांधलेला असतो. 4 टनांची पेटी चार पायांवर ठेवली तर दोन बीमच्या मधला पत्रा खचतो. पेटीखाली बीमना आडव्या जाड फळ्या टाका. तरीही भागत नसेल तर खालच्या डेकपर्यंत एकाखाली एक खांब उभे करा. जहाजावरची आयती मजबूत जागा आधी शोधा. 1982 च्या फॉकलंड युद्धात 'कॅनबेरा' या ब्रिटिश प्रवासी जहाजाचा मधला हेलिपॅड बोनिटो नावाच्या पोहण्याच्या तलावावर उभारला होता. दीड मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला दीड टन. एवढं पेलणारी जागा वरच्या डेकवर दुसरी कुठे मिळणार?

हॅचचे (माल उतरवायला डेकमध्ये कापलेल्या तोंडाचे) कोपरे काटकोनात कापणं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लिबर्टी मालवाहू जहाजांत अशाच कोपऱ्यांपासून तडे गेले. कोपरे गोल ठेवा आणि कापलेल्या बीमची टोकं कडेच्या गर्डरला जोडा.

माल मावेल तिथे भरणं. सगळं वजन तळाशी गेलं तर जहाज झटके देत डोलतं आणि बांधलेल्या साखळ्या तुटतात. वर गेलं तर ते एका अंगाला रेंगाळतं. स्टॉपवॉच घ्या: एका पूर्ण डोलाचे सेकंद साधारण 0.8 गुणिले रुंदी भागिले जीएमचं वर्गमूळ (मीटरमध्ये). जीएम म्हणजे कललेलं जहाज किती जोराने सरळ होतं ते दाखवणारं अंतर. रुंदी 24 मीटर असेल तर जीएम 4 मीटरला सुमारे 10 सेकंद, 1 मीटरला 19, आणि 0.3 मीटरला 35. पस्तीसच्या आसपास आकडा आला तर निघू नका.

जळाऊ सामान न हलवता कटिंग करणं. 9 फेब्रुवारी 1942 ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी'चं सैनिकवाहू जहाज करताना कटरची ठिणगी कापोकच्या (कापसासारख्या तंतूच्या) लाइफजॅकेटांच्या ढिगावर पडली. अग्निशामकांच्या होजपाइपची कपलिंग फ्रेंच जहाजाच्या नळांना बसेनात. कटिंगच्या आधी अडॅप्टर लावून पाणी प्रत्यक्ष सोडून बघा. (मुंबईत 14 एप्रिल 1944 ला स्फोट झालेलं 'फोर्ट स्टिकीन' मालवाहूच होतं, पण कापूस आणि स्फोटकं एकाच होल्डमध्ये होती.)

आग आटोक्यात आली, तरी वरच्या डेकवर साचलेल्या पाण्याने 'नॉर्मंडी' दुसऱ्या दिवशी पहाटे आडवी झाली. 20 गुणिले 20 मीटरच्या अखंड दालनात घोट्याएवढं पाणी जरी इकडून तिकडे वाहू लागलं, तरी 30,000 घनमीटर विस्थापनाच्या जहाजाचा जीएम सुमारे 0.44 मीटरने घटतो. मध्ये जहाजाच्या लांबीच्या दिशेने एकच भिंत ठेवली तर ही घट चौथाईवर येते, म्हणून सगळ्या भिंती काढू नका. आणि फळ्या अंथरताना स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं) झाकले गेलेत का, ते वाकून बघा.