डॉर्नोकला गोल्फ खेळायला जाताय? मुक्काम एकाच गावात ठेवा

स्कॉटलंडला गोल्फ म्हटलं की सगळे सेंट अँड्र्यूजच्याच मागे लागतात, पण शांत गाव, लांबच लांब वाळूचा किनारा आणि जुने लिंक्स कोर्स (समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरची गोल्फ मैदानं) हे सगळं एकत्र हवं असेल तर सरळ इनव्हरनेसच्या वर उत्तरेला जा. टेन, डॉर्नोक, गोल्स्पी, ब्रोरा ही चारही गावं एकाच रस्त्याच्या आसपास आहेत, त्यामुळे रोज बॅगा भरून हॉटेल बदलायची काहीच गरज नाही, डॉर्नोकला खोली घ्या आणि तिथूनच फिरा.

सुरुवात टी टाइमपासून, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या बुकिंगपासून करा. रॉयल डॉर्नोक या गावातल्या क्लबच्या मेन कोर्सचे सीझनचे स्लॉट कित्येक महिने आधी भरतात, तो एक मिळाला की बाकीचे कोर्स, खोली, विमान त्याच्या आगेमागे बसवता येतं. गोची अशी की यूकेचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आतच अप्लाय करता येतो, म्हणजे टी टाइमचे पैसे आधी जातात आणि व्हिसा नंतर येतो, तेव्हा बुकिंग करतानाच कॅन्सल केलं तर किती परत मिळतात ते ईमेलवर लेखी विचारून घ्या. आपल्या क्लबकडून हँडिकॅपचं (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं) सर्टिफिकेट पण आधीच काढून ठेवा.

महिना विचाराल तर माझं मत मे अखेर ते जून. गॉर्सची काटेरी झुडपं तेव्हा पिवळीधम्मक फुललेली असतात (बॉल आत गेला तर सोडून द्या, हात घालू नका) आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे जेवण लवकर उरकून संध्याकाळी अजून नऊ होल आरामात होतात. जुलै-ऑगस्टला याच रस्त्यावर कॅम्परव्हॅनची गर्दी असते, शिवाय वारा पडला की मिज नावाचे बारीक चावरे किडे येतात.

आता कोर्स. डॉर्नोकचा क्लब १८७७ चा, १८ होल ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या काळच्या नामवंत गोल्फपटूने केले, आणि अमेरिकेत पाइनहर्स्ट नंबर दोन हा नावाजलेला कोर्स बनवणारा डॉनल्ड रॉस १८७२ मध्ये याच गावात जन्मला. इथले ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) उंचावर आणि कडेने उतरते, बॉल जरा कमी पडला की घरंगळत पायथ्याशी येतो. चौदावा होल, फॉक्सी, त्यात एकही बंकर (वाळूचा खड्डा) नाही आणि तरी भल्याभल्यांना दमवतो, कारण तो उंच ग्रीन. म्हणून जायच्या आधी महिनाभर चिपिंगची, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांची सवय बदला, मऊ गवतावर आपण वेज या तिरक्या तोंडाच्या क्लबने बॉल उंच उडवतो ते इथल्या कडक जमिनीवर चालत नाही, सात-आठ नंबरचं आयर्न घेऊन बॉल जमिनीलगत पळवायचा, पुटरने लांबून मारायलाही लाजू नका. वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा, त्यामुळे जाताना तो पाठीशी असतो, स्कोअर छान दिसतो आणि परतीला तोच वारा तोंडावर येतो.

इथे पहिल्या राउंडला कॅडी (बॅग उचलणारा, कोर्सची माहिती असलेला सोबती) घ्याच, आधी सांगून ठेवा आणि पैसे रोख न्या.

ब्रोरा मला या सगळ्यांत लाडका. जेम्स ब्रेड या जुन्या काळच्या चॅम्पियनने आखलेला कोर्स, मेंढ्या-गुरं तिथे चरायची जुनी रीत होती आणि ती ग्रीनवर चढू नयेत म्हणून भोवती विजेची बारीक तार असायची. फीसुद्धा डॉर्नोकपेक्षा बरीच कमी, गोल्स्पी आणि टेनचंही तसंच. येताना किंवा जाताना इनव्हरनेसजवळ एक दिवस ठेवून नेर्नचा कोर्स खेळा, सुरुवातीचे होल समुद्राला इतके लागून की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) थेट किनाऱ्यावर जातो.

रोज एकच मोठा राउंड धरा. लिंक्सवर बहुतेक चालायचंच असतं, बगी (बसून फिरायची छोटी गाडी) मिळेल असं गृहीत धरू नका, बॅग ओढायला ट्रॉली घ्या. मधला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, लॉक फ्लीट या खाडीवर सील बघा, गोल्स्पीजवळ डनरॉबिन कॅसल आहे, आणि पावसाने एखादा राउंड गेला तर तोच दिवस कामी येतो.

गाडी भाड्याने घ्यायची तर ऑटोमॅटिक आधीच सांगा, नाहीतर गिअरची मिळते, ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून. चौघं आणि चार किट असतील तर साधी कार पुरत नाही. ट्रेनने टेन, गोल्स्पी, ब्रोराला जाता येतं पण डॉर्नोकला स्टेशनच नाही, आणि रविवारी गाड्या अगदी कमी.

सामानात चांगला वॉटरप्रूफ सूट, पावसाचे ग्लोव्हजचे दोन जोड, लोकरी टोपी, जून असला तरी. छत्रीचं वजन वाचवा, त्या वाऱ्यात ती उघडताच येत नाही.