दात काढल्यावर इम्प्लांट की ब्रिज? या चुका टाळा

खुर्चीत टेकायच्या आधीच पेशंट विचारतात, "मॅडम, इम्प्लांट चांगलं की ब्रिज?" इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात. ब्रिज म्हणजे शेजारचे दात तासून त्यांच्यावर कॅप (टोपी) चढवायची आणि मधला खोटा दात त्यांच्या आधाराने बसवायचा. मी लगेच उत्तर देत नाही. आधी आ करायला सांगते आणि मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात बघते. ते कोरे आहेत, की आधीच सिमेंट भरलेले, रूट कॅनल झालेले? हलतात का? हिरडी कुठवर उतरली आहे? निम्मा निर्णय तिथेच होतो. दोन्ही शेजाऱ्यांना तसंही कॅप लागणार असेल तर ब्रिज करा, त्यात काहीही कमीपणा नाही. शेजारी धडधाकट असतील तर त्यांना हात लावायची माझी तयारी नसते, आणि मी इम्प्लांट सुचवते. सांगली जिल्ह्यात एकवीस वर्षं दवाखाना चालवते आहे. त्याच त्या चुका झालेली तोंडं दर आठवड्याला समोर येतात, म्हणून हे लिहायला बसले.

लग्न तोंडावर आलंय म्हणून चांगले दात तासून घेणं

मला सगळ्यात जास्त वाईट या चुकीचं वाटतं. एका काकूंची वरची, सुळ्याच्या लगेच मागची दाढ काढली होती. हसल्यावर खिंड दिसायची. मुलीचं लग्न दहा दिवसांवर. एका दवाखान्यात त्यांना पाच दिवसांत ब्रिज बसवून मिळाला. एका दातासाठी तीन कॅप: मधला खोटा, आणि त्याला धरायला पुढचा सुळा आणि मागची दाढ. दोन्ही दात कोरे होते, कधी साधं सिमेंटही भरलेलं नव्हतं.

कॅपसाठी दात तासायचा म्हणजे चारही बाजूंनी साधारण एक ते दीड मिलिमीटर थर काढायचा, चावायच्या बाजूने थोडा जास्तच. दातावरचं ते कठीण आवरण पुन्हा येत नाही. हळदीच्या रात्री काकूंचा सुळा ठणकायला लागला. गोळ्यांवर लग्न काढलं, नंतर रूट कॅनल झालं. दोन वर्षांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पर्समधून कुंकवाची जुनी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेला तो अख्खा ब्रिज. मी उलटा करून बघितला, तर एका कॅपमध्ये त्यांच्या सुळ्याचा तुकडा तसाच अडकलेला होता, काळपट तपकिरी, आतून पोखरलेला. कॅपच्या कडेने कीड शिरली होती आणि दात हिरडीच्या पातळीवर मोडला होता. सुळ्याचं मूळ तोंडात सगळ्यात लांब असतं. म्हातारपणी सगळे दात गेले तरी बऱ्याच जणांचे सुळे टिकून असतात. असा दात आपण घाईपायी गमावला. आता एका दाताच्या जागी दोन दात गेले होते.

लग्न, मुलाखत, परदेशातून आलेला मुलगा परत जायच्या आत सगळं उरकणं, अशा कारणांसाठी मी एका दाताची काढता-घालता प्लेट देते. लॅबमधून दोन-तीन दिवसांत येते, फोटोत कुणाला कळत नाही, आणि शेजारच्या दातांना धक्का लागत नाही. समोरचा दात असेल तर मागच्या बाजूने पंखासारखी पट्टी चिकटवून बसवायचा ब्रिजही मिळतो, त्यात दात जवळजवळ तासावे लागत नाहीत. कार्य पार पडू द्या, मग शांतपणे ठरवा. घाईत तासलेला दात पुन्हा पूर्ववत करणं कुठल्याच डॉक्टरला जमत नाही.

"दुखत नाय ना, मग बघू पुढच्या सीझनला"

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार. डिसेंबरमध्ये मी त्यांची खालची मोठी दाढ काढली आणि तीन महिन्यांनी या म्हणून सांगितलं. तेव्हा माल उतरवायचा होता. मग बेदाण्याचं काम. "सौदा झाला की येतो मॅडम." मग दर पडला. मग एप्रिल छाटणी. ते आले ते थेट तीन वर्षांनी. पैशाची ओढाताण मला समजते, या भागात सगळ्यांचं वर्ष बागेवरच चालतं. पण हाड सौद्यासाठी थांबत नाही.

दात काढल्यावर त्या जागेच्या हाडाची रुंदी पहिल्याच वर्षात साधारण निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातलीही बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यांचा थ्रीडी एक्स-रे काढला तर हाड चार मिलिमीटर रुंद उरलं होतं. इम्प्लांटचा स्क्रूच जवळपास तेवढा जाड असतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना हाडाची भिंत लागते. ब्रिज करावा म्हटलं तर मागची दाढ मोकळ्या जागेत पुढे कलली होती आणि वरची दाढ खाली उतरून आली होती. कललेल्या दाढेवर ब्रिज सरळ बसत नाही, ती जास्तीची तासावी लागते. शेवटी हाडाची पूड भरली, ती पक्की होईपर्यंत सहा महिने थांबलो, मग इम्प्लांट. खर्च वाढला आणि एकूण वर्ष गेलं.

तेव्हापासून माझी सवय अशी: दात काढतानाच पुढे काय करायचं ते बोलून घेते, कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख लाल पेनाने लिहिते, आणि त्या आठवड्यात दवाखान्यातून फोन जातो. लगेच पैसे नसतील तरी येऊन एक्स-रे दाखवा. दात काढतानाच खड्ड्यात हाडाची पूड भरून ठेवली तर बरीच झीज अडते, हेही आधी विचारा.

तीन दिवसांत फिक्स दात

जाहिरात बघून आलेल्या पेशंटला मी ब्रोनेमार्क या स्वीडिश डॉक्टरची गोष्ट सांगते. 1950 च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, सुटता सुटत नाही. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे स्क्रू बसवले आणि ते त्याने चाळीस वर्षांहून जास्त वापरले. त्यांनी स्क्रू बसवल्यावर हाडाला कित्येक महिने निवांत ठेवलं होतं. मी आजही खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या मऊ हाडात चार ते सहा महिने थांबते. हाड भक्कम असेल आणि स्क्रूची पकड उत्तम असेल तर तात्पुरता दात लगेच देता येतो. पण ते हाड बघून ठरतं, जाहिरातीवरून नाही. ज्याला थांबायला अजिबात जमणार नाही, त्याने इम्प्लांटच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मशेरी लपवणं

"तंबाखू खाता का?" "छे, छे." "मशेरी?" "ती लावते की सकाळ-संध्याकाळ." मावशी, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, जखम भरायला वेळ लागतो आणि स्क्रू हाडाला धरत नाही. ब्रिजखालच्या हिरड्याही त्यानेच खराब होतात. मी आधी मशेरी सोडायला सांगते आणि दोन महिन्यांनी परत बोलावते. काही जणी चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देते.

शुगरचंही तसंच. आजची उपाशीपोटीची शुगर मला पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी रिपोर्ट हवा. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेत असाल किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, त्यात जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

आणखी काही, थोडक्यात

अक्कलदाढ गेली असेल तर बहुतेकांना ना ब्रिज लागतो, ना इम्प्लांट.

सगळ्यात मागची दाढ गेली तर ब्रिजला मागून आधार नसतो. पुढच्या एकाच दाताला ती लटकवून घेऊ नका.

अकरावी-बारावीतल्या मुलांना इम्प्लांट नको. जबडा वाढत राहतो, इम्प्लांट जागचा हलत नाही, आणि काही वर्षांत तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो.

बाजारात बसून तारेने बांधून मसाला ओतून "फिक्स दात" देणाऱ्यांकडे जाऊ नका. तो मसाला काढताना शेजारचे दोन-दोन दात निघालेले मी पाहिले आहेत.

ब्रिजमधून वास येतोय

ब्रिजची एक बाजू सुटली की बऱ्याचदा दुखत नाही, नुसता वास येतो किंवा चव बिघडते. आरशासमोर उभे राहा, ब्रिज बोटाने खाली-वर दाबा. कॅपच्या कडेने थुंकीचे बारीक बुडबुडे आले तर आतलं सिमेंट सुटलं आहे. त्याच आठवड्यात दाखवा. वेळेत आलात तर कधी कधी तोच ब्रिज काढून, साफ करून पुन्हा बसवता येतो. दुकानातला गोंद लावून चिकटवू नका. खोट्या दाताखालून रोज रात्री सुपरफ्लॉस (ब्रिजखाली ओवून साफ करायचा जाडसर दोरा) फिरवा. नुसत्या ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत.

इम्प्लांटचा दात हलतोय

घाबरू नका, पण त्या बाजूने चावणं लगेच थांबवा. बहुतेक वेळा हाडातला इम्प्लांट पक्का असतो आणि वरचा छोटा स्क्रू सैल झालेला असतो. तो आवळायला पाच मिनिटं लागतात, मात्र प्रत्येक कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा. पुण्यात नोकरीला असलेला एक मुलगा दिवाळीला घरी आला आणि नेमका तेव्हा त्याचा दात हलायला लागला. कुठल्या कंपनीचा इम्प्लांट, त्याला माहीत नव्हतं. त्याचा दवाखाना सुट्टीत बंद. मी ओळखीच्या चार डॉक्टरांना एक्स-रे पाठवला, आकारावरून अंदाज बांधला आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर मिळाला. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं. ते मागून घ्या, फाइलला चिकटवा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा.