पेन टॅबलेटवर समीकरणं लिहून वर्डमध्ये उतरवायची असतील तर

जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळ, कुठेही क्लासचे सराव पेपर आणि नोट्स टाइप करून देण्याची कामं निघत असतात. मराठी मजकूर झरझर टाइप करणारे पुष्कळ भेटतात, पण समीकरण आलं की हात अडखळतो. मग एक्सचा वर्ग छापताना घातांकाचा दोन खाली उतरतो आणि विद्यार्थी त्याला गुणाकार समजून गणित सोडवतो. चूक टाइप करणाऱ्याची आणि गुण गेले पोराचे, हे व्हायला नको.

यावर उपाय पेन टॅबलेट, म्हणजे संगणकाला जोडायची पाटी; तिच्यावर पेनाने लिहिलेलं स्क्रीनवर उमटतं. सुरुवातीला स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट पुरेसा आहे. 'वन बाय वाकॉम'च्या लहान मॉडेलवर लिहायची जागा १५२ बाय ९५ मिमी असते, पेनला बॅटरी लागत नाही. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) काढून मगच नवा टाका. दोन्ही राहिले की पेन मध्येच उड्या मारतं.

पहिलं सेटिंग लांबी-रुंदीच्या प्रमाणाचं. संगणकाची स्क्रीन बहुधा १६:९ असते आणि हा टॅबलेट १६:१०, म्हणून गोल काढला तर किंचित लांबट होतो. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडा. खालची साधारण साडेनऊ मिमी पट्टी वाया जाते, ती जाऊ द्या. दुसरं सेटिंग विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधल्या 'पेन अँड टच'मध्ये आहे. तिथे 'प्रेस अँड होल्ड' बंद करा, नाहीतर दशांश चिन्ह देताना पेन क्षणभर टेकलं तरी राइट क्लिक होतो.

टॅबलेट कीबोर्डला समांतर, अगदी सरळ ठेवा. तो जरा जरी फिरलेला असला तरी तुमची आडवी रेघ स्क्रीनवर तिरकी पडते आणि अपूर्णांकाची रेघ भागाकाराची तिरकी रेघ म्हणून वाचली जाते. नवशिक्यांच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

आता वर्ड. 'इन्सर्ट'मध्ये 'इक्वेशन'चा बाण दाबून 'इंक इक्वेशन' उघडा. खाली लिहायची जागा, वर ओळखलेलं समीकरण दिसतं. खिडकी ओढून मोठी करा आणि वहीत लिहिता त्याच्या दुप्पट आकारात लिहा. संगणक अक्षराबरोबर त्याची जागा आणि आकारही बघतो. घातांक अर्ध्याहून लहान आणि स्पष्ट वर हवा. अपूर्णांकाची रेघ अंश आणि छेद दोघांपेक्षा थोडी लांब हवी. वर्गमुळाचं छप्पर शेवटच्या पदाच्या पुढपर्यंत ओढा. बी वर्ग वजा चार ए सी लिहिताना ते अलीकडे थांबलं, तर सी मुळाबाहेर पडतो आणि सूत्रच बदलतं.

ठरावीक घोटाळे होतात ते असे: झेड आणि दोन, एस आणि पाच, टी आणि अधिक, एक्स आणि गुणिले. झेडला मधे आडवी रेघ द्या, टीचा पाय वळवा, एक्स दोन वक्र रेघांनी काढा. तरी चुकलं तर सगळं पुसू नका. 'सिलेक्ट अँड करेक्ट' घेऊन चुकलेल्या चिन्हाभोवती रेघ फिरवा आणि यादीतून बरोबर चिन्ह निवडा. अंक इंग्रजीच लिहा, देवनागरी अंक त्याला कळत नाहीत. आणि 'इन्सर्ट' दाबेपर्यंत खिडकीतलं लिखाण कागदपत्रात जात नाही, तेव्हा लाइटचा भरवसा नसलेल्या गावी लांब उदाहरण ओळीओळीने टाका.

वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांजवळ जातो. घामाने तळवा टॅबलेटला चिकटतो, हात अडतो आणि रेघा तुटतात. दोन बोटांचा (करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झाकणारा) हातमोजा घाला किंवा तळव्याखाली सुती रुमाल घ्या. धूळही पुसत राहा, ती निब, म्हणजे पेनाचं टोक, झिजवते. टोकाला धारदार कड आली की निब बदला.

सगळंच हाताने लिहायचा हट्ट नको. आव्यूह (मॅट्रिक्स) आणि निश्चयक (डिटरमिनंट) वर्डच्या 'मॅट्रिक्स' साच्यातूनच भरा. साधे अपूर्णांक टाइप करणं जलद पडतं: अल्ट आणि बरोबर चिन्ह (=) एकत्र दाबा, अंश कंसात, तिरकी रेघ, छेद कंसात, मग स्पेसबार, कंस आपोआप गळून अपूर्णांक उभा राहतो. पेन खरं उपयोगी पडतं ते घातांक, मूळ आणि संकलन (इंटिग्रेशन) एकात एक अडकलेल्या समीकरणाला. एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला बऱ्याचदा लेटेक (कोड लिहून गणिती मजकूर छापायची पद्धत) लागतं. नव्या वर्डमध्ये समीकरण निवडून 'लेटेक' आणि मग 'लिनिअर' केलं की त्याचा कोड मिळतो.

मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर एकही चल (एक्स, वाय असं अक्षर) वाक्यात साधा टाइप करू नका. फाँट लावताच तो एक्स देवनागरी अक्षर होऊन बसतो. एकटा चलही समीकरणाच्या चौकटीतच घाला.

फाइल कायम 'डॉकएक्स'मध्ये ठेवा. जुन्या 'डॉक'मध्ये साठवली की समीकरणांची चित्रं होतात आणि मग त्या फाइलमध्ये एक चिन्हही सुधारता येत नाही. प्रेसला पीडीएफ द्या, ती आधी स्वतः छापून घातांक आणि वजा चिन्हं पेन्सिलने एकेक तपासा.