नकाशाला होकार देण्यापूर्वी खोल्या जमिनीवर आखून पाहा

वास्तुविशारदाने दिलेला घराचा नकाशा बहुतेक जण कागदावरच पाहून मान्य करतात. परंतु १:१०० प्रमाणाच्या नकाशात एक मीटर म्हणजे अवघा एक सेंटिमीटर असतो आणि त्यावरून खोलीच्या प्रशस्तपणाचा अंदाज सवय नसलेल्या डोळ्यांना सहसा येत नाही. म्हणून अंतिम होकार कळवण्यापूर्वी मोकळ्या जागेत खुंट्या, दोरी व फक्की वापरून निदान स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि जिना खऱ्या मापात आखून घ्यावेत. त्या वेळी नकाशातील मापे भिंतींच्या आतल्या बाजूंमधली आहेत की भिंतींच्या मध्यापासूनची, हे विचारून घ्यावे, कारण प्रत्यक्ष वापरता येणारी जागा त्यावरच ठरते. पलंग, कपाट व टेबल यांच्या मापाची वर्तमानपत्रे आखणीत अंथरून दारे कोणत्या बाजूला उघडतील, तेही पाहावे.

जिन्याबाबत मात्र विशेष आग्रह धरावासा वाटतो. तीन मीटर उंची चढण्यासाठी १८ टप्पे धरले, तर प्रत्येक टप्पा सुमारे १६.७ सेंटिमीटरचा होतो आणि पाऊल ठेवायला २७ सेंटिमीटर रुंदी दिल्यास सरळ जिना साडेचार मीटरहून अधिक लांबी व्यापतो, ही गोष्ट कागदावर क्वचितच जाणवते.

सुचलेले बदल संरचना अभियंत्याचे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी कळवावेत. खांब-तुळयांचे गणित झाल्यावर त्यांची जागा बदलली, तर ते पुन्हा करावे लागते.