टूरिंगची बाइक: कंपनीकडून काय घ्यायचं, नंतर काय लावायचं आणि काय लावायचंच नाही

लडाखचं ठरलं रे ठरलं की बरेच जण आधी ॲक्सेसरीजवर तुटून पडतात. तीन डबे, चार दिवे, जेरीकॅन, दोन मोबाइल होल्डर, आणि मग सोसायटीतून बाइक बाहेर काढताना वॉचमनला हाक मारायची वेळ येते. दुसरीकडे एक कंपू असतो ज्याचं म्हणणं की आमच्या काकांनी स्प्लेंडरवर बंजी बांधून गोवा केलं, तुम्हाला कशाला पाहिजे हे सगळं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण शोरूममध्ये उभं राहून पैसे कुठे घालायचे हे ज्याला ठरवायचंय त्याला या भांडणाचा शष्प उपयोग नाही. माझा हिशोब सरळ आहे. जी गोष्ट नंतर चार बोल्ट लावून बसते ती आत्ता घ्यायची नाही, आणि जी नंतर कितीही पैसे ओतले तरी नीट बसत नाही तिथे आत्ता हात आखडायचा नाही.

हे भांडण जुनंच आहे तसं. १९७५ ला होंडाने गोल्डविंग आणली, जीएल१०००, तेव्हा तिच्यावर ना पुढे मोठी काच होती ना मागे डबे. होतं काय तर ९९९ सीसीचं लिक्विड कूल्ड चार सिलिंडर इंजिन, चेनऐवजी मागचं चाक फिरवणारा शाफ्ट म्हणजे दांडा, आणि वजन खाली राहावं म्हणून सीटखाली टाकी. अमेरिकेतल्या लोकांनी ती घेतली आणि वर क्रेग व्हेटर नावाच्या डिझायनरचं विंडजॅमर फेअरिंग, म्हणजे पुढचं वारा अडवणारं आवरण, बाजूला बॅगा असं आपापल्या सोयीने लावत बसले. ते बघून १९८० ला होंडाने जीएल११०० इंटरस्टेट काढली, फेअरिंग आणि डबे फॅक्टरीतूनच. आज तीच गोल्डविंग १८३३ सीसी सहा सिलिंडर, एअरबॅग, रिव्हर्स वगैरे घेऊन पावणेचारशे किलोच्या वर गेलीये. यात बघण्यासारखं काय, तर कूलिंग, शाफ्ट, टाकीची जागा हे कुणी घरी बसवू शकत नव्हतं, ते कंपनीने पहिल्या दिवसापासून दिलं. काच आणि डबे लोकांनी पाच वर्षं आरामात स्वतः लावले.

आता आपल्याकडे शोरूममध्ये काय बघायचं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, १२५ सीसीच्या वर २०१९ पासून सगळ्यांनाच सक्तीचा आहे, पण सिंगल चॅनल (फक्त पुढच्या चाकाला) आहे की ड्युअल (दोन्ही चाकांना) ते विचारा, आणि कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर मागच्या चाकाचा बंद करता येतो का तेही. हे नंतर बसत नाही. चाकं बघा, ट्यूबवाली की ट्यूबलेस. ट्यूबलेस पंक्चर रस्त्याच्या कडेला चाक न काढता दहापंधरा मिनिटांत मिटतं, ट्यूबवालं मागचं चाक म्हणजे सामान उतरवा, एक्सल काढा, चेन उतरवा, टायर लिव्हर घाला, आणि हे सगळं पावसात घाटात करायचं. रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० सुरुवातीला ट्यूबवर आली होती, स्पोकवर ट्यूबलेसचा पर्याय नंतर आला, म्हणजे जुनी वापरलेली घेताय तर आधी व्हॉल्व्हकडे बघून आत ट्यूब आहे का ते ओळखा. सीटची उंची, उतरताना दोन्ही पाय टेकतात का, हेही शोरूममध्येच कळतं आणि तिथे लाजायचं नाही, मागे बायकोला किंवा मित्राला बसवून बघायचं.

सस्पेन्शन तर अगदी बघायचंच. जानेवारी २०२५ ला केटीएमने ३९० ॲडव्हेंचर नवी काढली ती एकाच ३९९ सीसी इंजिनावर दोन प्रकारात, एक्स आणि साधी ३९० ॲडव्हेंचर, लाँचला किमतीत पाऊण लाखाच्या आसपास फरक. लोक त्या पाऊण लाखाचा हिशोब स्क्रीन आणि रायडिंग मोड मोजून करतात. त्यातली खरी किमतीची गोष्ट म्हणजे महागडीचं पुढचं सस्पेन्शन ॲडजस्ट होतं, एक्सचं होत नाही. एकट्याने डांबरी रस्त्यावर फिरणार असाल तर एक्स घ्या आणि उरलेल्या पैशात चांगलं जॅकेट, बूट आणि पेट्रोल. डबलसीट, सामान आणि स्पिती असा बेत असेल तर सस्पेन्शनचे पैसे मोजा. आणि हो, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाइकवर जीएसटी ४० टक्के आहे, खाली १८, त्यामुळे फुल लोडेड घेण्याचा मोह आता आणखी महाग पडतो.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे मूठ न पिळता वेग कायम ठेवणारी सोय, तिच्याबद्दल मी जरा वाकडा आहे. महाराष्ट्रात जिथे ते खरंच कामाला आलं असतं तिथे बाइकला प्रवेशच नाही, मुंबई पुणे एक्स्प्रेसवेवर नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही. आपण जुन्या हायवेने आणि घाटाने जाणार. पुणे कोल्हापूर बेंगळुरू पट्ट्यात थोडं वापरता येईल, तिथेही मध्येच उलटा येणारा ट्रॅक्टर असतोच. बाइकसोबत आलं तर ठीक, त्याच्यासाठी जास्त पैसे नको.

टाकीचं गणित मात्र कागदावर करा. मनाली लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावरची पुढचा पंप ३६५ किलोमीटर ही पाटी फोटोत सगळ्यांनी बघितलीय, तोच आकडा धरून चाला. हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटर, सामानासकट चढावर २५ चं ॲव्हरेज धरलं तरी सव्वाचारशे किलोमीटर. हीरोच्या एक्सपल्स २०० ला १३ लिटर पण ॲव्हरेज ३५ धरा, साडेचारशे. म्हणजे दोन्हीला जेरीकॅन लागत नाही. ३९० ॲडव्हेंचरला १४.५ लिटर, २४ ने धरलं तर साडेतीनशेच्या आत संपते, तिला तीन लिटरचा कॅन पाहिजे. तोही पुण्यातून भरून न्यायचा नाही बाबांनो, तांडीला भरायचा आणि टाकीत जागा झाली की लगेच ओतून मोकळं व्हायचं. दोन्ही बाजूंना लाल कॅन लावून ताम्हिणीत फिरणारे दिसतात, त्यांना काय बोलणार.

आता वजन. बाइकच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती भार चालतो तो आकडा असतो, तो शोधा, आणि मग बेरीज करा: तुम्ही हेल्मेट जॅकेटसकट, मागचा माणूस तसाच, क्रॅशगार्ड, कॅरिअर, डबे, आणि सगळ्यात शेवटी सामान. ॲल्युमिनियमचे दोन डबे आणि त्यांचा सांगाडा रिकामेच पंधरा किलोच्या आसपास जातात. कापडी सॅडलबॅग तीन चार किलोत बसते. डबलसीट असाल तर हा दहा बारा किलोंचा फरक म्हणजे तुमचे दोघांचे आठवड्याचे कपडे झाले.

म्हणून पहिल्या वर्षी सॉफ्ट लगेजच वापरा असं मी म्हणेन. आपल्याकडे बाइकला साडीगार्ड आणि मागच्याला धरायला हँडल नियमानेच असतं, सॅडलबॅग तिथे मस्त बांधता येते, फक्त सायलेन्सरच्या बाजूला बॅग टेकत नाही ना ते सामान भरून, कुणाला तरी मागे बसवून, बाइक दाबून बघा, कारण रिकामी असताना चार बोटं असलेलं अंतर खड्ड्यात शून्य होतं आणि मग रेनकोट वितळलेला मिळतो. बंजी फक्त वरवरच्या गोष्टीला, मुख्य बॅग बकलच्या पट्ट्यांनीच बांधा आणि पट्टीचं सुटं टोक गुंडाळून खोचा, ते चेनमध्ये गेलं की खेळ खल्लास. पावसाळ्यात बॅगेवरच्या रेनकव्हरवर विश्वास ठेवू नका, वाऱ्याने त्याच्यातच पाणी साठतं, आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधा.

कडक डब्यांचा फायदा आहे, नाही असं नाही. कुलूप लागतं, जेवायला थांबलं की सामानावर डोळा ठेवायला लागत नाही. पण कोकणात सागरी रस्त्याने उतरायचं तर आगरदांडा दिघी, वेसवी बागमांडला, दाभोळ धोपावे, तवसाळ जयगड अशा फेरीबोटी लागतात, तिथे गाड्यांच्या मध्ये बाइक सरकवून घेतात आणि तुमचा डबा कुणाच्या तरी नव्या कारच्या दाराला लागतो. एक नियम पाळा, डब्यांची रुंदी हँडलच्या रुंदीपेक्षा जास्त नको. हँडल गेलं म्हणजे बाइक गेली अशी डोळ्याला सवय असते, डबे त्याच्या बाहेर असतील तर गल्लीत अंदाज चुकणारच. मागच्या टॉपबॉक्समध्ये फक्त हलकं सामान, हातमोजे, रेनकोट, चिवडा. हत्यारं, पाणी, सुटे भाग असलं जड सगळं खाली आणि जितकं पुढे येईल तितकं पुढे. टॉपबॉक्स जड भरला की ऐंशीच्या पुढे हँडल हलायला लागतं आणि लोक टायरला दोष देत बसतात.

सामान चढवलं की मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण, वाढवा, त्याचा तो हुकासारखा पाना टूलकिटमध्ये येतो किंवा गॅरेजमध्ये मिळतो. हवा मॅन्युअलमध्ये किंवा चेनगार्डच्या स्टिकरवर डबलसीटची जी लिहिलीय ती. आणि रात्री हेडलाइट तपासा: रिकामी बाइक भिंतीपासून पाच मीटरवर, वर बसून, लाइटची वरची कड जिथे येते तिथे चिकटपट्टी लावा, मग सगळं लादून पुन्हा बघा. मागचं टोक दबल्यामुळे लाइट चांगली वीतभर वर गेलेली दिसेल. अर्ध्या लोकांना ज्या जादा दिव्यांची गरज वाटते ती इथेच संपते, कारण त्यांचा मूळ दिवा रस्त्याऐवजी झाडावर पडत असतो.

तरीही दिवे लावायचेच असतील तर वॅटची बेरीज करा. ४० वॅटचे दोन दिवे ८०, गरम ग्रिप ४०, चार्जर २०, झाले १४०, म्हणजे १२ व्होल्टला जवळपास १२ अँपिअर. हे मूळ वायरिंगला काप मारून जोडायचं नाही, वॉरंटीवर तिथेच वाद सुरू होतो. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, दोन दिव्यांना १० अँपिअरचा पुरे, तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टोकांवर नंबर असतात) ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थला, आणि ८६ ला स्विचमधून अशी वायर जी चावी फिरवल्यावरच चालू होते. म्हणजे चावी काढली की सगळं बंद, सकाळी बॅटरी मेलेली सापडत नाही. मग मल्टिमीटर बॅटरीला लावा, सगळं चालू करा, इंजिन तीन हजार आरपीएमवर धरा. साडेतेराच्या वर व्होल्टेज असेल तर ठीक, तेराच्या खाली आलं तर बाइक जेवढी वीज बनवते त्यापेक्षा तुम्ही जास्त खाताय, काहीतरी काढा. समोरच्याच्या डोळ्यात जाणारे पांढरे दिवे गावातून जाताना बंद ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत फेरफार करायला मर्यादा आहेत आणि पोलिसांची नजर पहिली या दिव्यांवरच जाते. महागडं काही लावलं असेल तर इन्शुरन्सवाल्याला सांगून पॉलिसीत नोंदवून घ्या.

नेव्हिगेशनसाठी स्क्रीनवर पैसे घालवण्याआधी एवढं लक्षात घ्या की हिमालयन ४५० च्या गोल स्क्रीनवरचा गूगल मॅपसुद्धा तुमच्या फोनवरच चालतो, फोन गेला की तोही गेला. जुना फोन, ऑफलाइन नकाशे, व्हायब्रेशन शोषणारा होल्डर, काम झालं. रोजचा महागडा फोन हँडलवर लावू नका, मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलनेच २०२१ ला जाहीर केलंय. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या.

सुट्या भागांत क्लच केबल एक नंबर. नवी केबल आणून जुनीच्या शेजारून त्याच वाटेने ओढून टेपने चिकटवून ठेवा, दोन्ही टोकं प्लास्टिकने झाकून. तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत टोकं बदलली की निघालात. सोबत क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा जोड, चेनलिंक, फ्यूज, ट्यूबवाली चाकं असतील तर पुढची मागची एकेक ट्यूब. ट्यूब बदलायला शिकायचं असेल तर ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे एक रविवार जा, त्याला पैसे देऊन त्याच्यासमोर स्वतः करा, व्हिडिओ बघून हात बसत नाही.

काचेचं राहिलं. मोठी काच म्हणजे आराम असं नसतं, काचेच्या कडेवरून सुटलेला वारा नेमका हेल्मेटवर आपटला तर छोट्या काचेपेक्षा जास्त डोकं दुखतं. घ्यायच्या आधी हायवेला नव्वदच्या वेगात थोडं उभं राहून, थोडं वाकून बघा शांत जागा कुठे मिळते, तेवढीच उंची घ्या.

आणि जे काही लावलं असेल, अगदी कंपनीच्या माणसाने लावलं असलं तरी, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवे सांगाडे बसताना ढिले होतातच. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर लावायचा गोंद, म्हणजे थ्रेडलॉक, निळं लावा, लाल नको, लाल लावलं तर पुढे तापवल्याशिवाय निघत नाही. ज्या मापाच्या ॲलन की लागल्या त्याच तेवढ्या बॅगेत टाका, पूर्ण सेट घरी राहू द्या.